राखाडी पट्टा

गोतमारे साहेबांना रेघ आवडते.
निळी, जाड, उजवीकडे चढत जाणारी.
"पाणी वाढलं ना, मॅडम? मग वाढलं म्हणा.
हे धुरासारखं काय लावून ठेवलं दोन्ही बाजूंनी?"

सिव्हिल लाइन्सचा दुसरा मजला,
कूलरची मोटर अडखळते, ओल्या खसाचा वास,
मे महिन्यातले दुपारचे साडेबारा.
मी म्हणते, सर, धूर नाही तो.
एकवीस विहिरी, चौदा उन्हाळे,
त्यांतून निघाली ही रेघ.
पट्टा ठेवावा लागेल, कारण पट्ट्याच्या आतून
एक आडवी रेघसुद्धा सहज निघून जाते
कुठेही न अडता.
म्हणजे कदाचित वाढलंच नसेल.

"कदाचित," साहेब म्हणतात,
संत्र्याची बी दाताखाली यावी तसं.
"फिका तरी करा."

मी फिका करते. तीस टक्के. पंधरा. दहा.
प्रोजेक्टर लावून बघते
तर भिंतीच्या चुन्यात पट्टा विरून गेलेला,
आणि रेघ एकटीच
कुणाला न विचारता चढत चाललेली.
खोटं मी काहीच केलेलं नाही.
फाइलीत आहे तो. भिंतीवर नाही, एवढंच.

देवाजी उरकुडे रजिस्टर घेऊन येतात.
चौदा वर्षं विहिरीत फीत सोडतात ते हेच.
चष्मा कपाळावर सारून स्क्रीनशी वाकतात :
"हे राखड कायची जी?
अन् इथं एवढी फुगली काऊन?
माह्यी चूक झाली काय त्या वर्षी?"

ते वर्ष मला पाठ आहे.
एकवीसपैकी नऊ रकाने कोरे.
जरीपटक्याच्या विहिरीवर स्लॅब पडला होता,
दिघोरीच्या घराला कुलूप,
महालातली जाळी गंजून बसलेली, वर निर्माल्य.
उरकुड्यांनी आकडा ठोकून दिला नाही.
पेन्सिलीनं लिहिलं : मोजता आलं नाही.

त्यांच्या आधीचे गृहस्थ
एकही रकाना कोरा सोडत नसत.
त्यांच्या दर आकड्याच्या शेवटी पाच, नाहीतर शून्य.
त्यांची वर्षं मी आलेखात घेतलीच नाहीत.

काका, चूक नाही, मी सांगते,
तुम्ही जिथं गप्प राहिलात
तिथं मी एवढंच रंगवलंय.
ते मान हलवतात,
पटल्यासारखी नव्हे, ऐकल्यासारखी.
मग आपलंच सांगतात :
"फीत सरळ उतरतच नाही ना, मॅडम.
वजन बांधलं तरी हालते.
पाणी लागलं ते आवाजावरून समजते,
अन् रस्त्यावरून ट्रक गेला का तेही नाही."

डबा तसाच राहतो.
मी पट्टा काढून टाकते. जाड रेघही.
सगळ्या विहिरी चिठ्ठ्यांसारख्या एका डब्यात,
एक उचलायची, नाव लिहायचं, परत टाकायची,
पुन्हा उचलायची, एकवीस होईतो.
काही दोनदा येतात, काही येतच नाहीत.
जी रेघ निघेल ती बारीक काढायची.
मग पुन्हा पहिल्यापासून.
अशा साठ रेघा.
बहुतेक चढत्या. काही जवळजवळ आडव्या.
सात चक्क उतरत्या.

तीन वाजता बैठक. पडदे ओढलेले,
तरी फटीतून उन्हाची एक पट्टी टेबलावर.
भिंतीवर साठही रेघा दिसतात,
डावीकडे मोकळ्या, मधे दाटीवाटीनं,
आणि पुढच्या मे महिन्याकडे जाताना
पुन्हा एकमेकींचा हात सोडलेल्या.

साहेब बराच वेळ बघत राहतात.
"यातली खरी कोणती?"

माहीत नाही, सर, मी म्हणते.
कूलर अडखळतो. कुणीतरी बाटलीचं झाकण उघडतं.

मागच्या खुर्चीवरून उरकुडे,
शेजाऱ्यालाच सांगावं तसं, हलक्यानं :
"पाहा, हालून राहिली."